काका, कोड तं चालते पण समजत नाही

पत्र असं आलं आहे, थोडं कापून देतो:

"काका, मी वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून लिहून राहिली. डिप्लोमा, दुसरं वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स. मले रोबोटचं प्रोग्रामिंग शिकायचं आहे. लॅपटॉप सेकंडहँड आहे, ४ जीबी रॅम. नेटवरून सॅम्पल कोड उतरवते, काही सिम्युलेटरमध्ये चालतात, काही नुसते लाल लाल एरर देतात. जे चालतात तेही समजत नाहीत, दोन ओळी बदलल्या का बंद पडते, मग मी दुसरा उतरवते. असे ३७ फोल्डर झाले. भाऊ म्हणते तू गेम खेळून राहिली. सोयाबीन विकलं का बाबा पैसे देतो म्हणतात, ७ हजाराचं किट आहे, घेऊ का? खरा रोबोट हातात आला तं समजन का?"

पोरी, पहिले किटचंच सांगून टाकतो म्हणजे तिकडे बाबांचाही जीव भांड्यात पडेल. आत्ता घेऊ नको. पैशाचं म्हणून नाही सांगत आहे, ते तुमचं तुम्ही पाहून घ्याल, पण जो कोड तुला स्क्रीनवर समजला नाही तोच किटमध्ये टाकला की तो दोन कारणांनी बंद पडेल, एक तर कोड चुकला म्हणून नाही तर वायर ढिली आहे, बॅटरी उतरली आहे, मोटर ड्रायव्हर, म्हणजे मोटरला वीज पुरवणारा छोटा बोर्ड, गरम झाला आहे म्हणून, आणि यातलं नेमकं काय झालं हे तुला तिथं बसून कळणार नाही. सिम्युलेटरमध्ये, म्हणजे स्क्रीनवरच्या खोट्या दुनियेत, वायर ढिली होत नाही. तिथं चूक झाली तर ती बहुतेक तुझ्या कोडचीच, आणि शिकणाऱ्याला यापेक्षा मोठी सोय दुसरी नाही.

आता त्या ३७ फोल्डरचं. त्यातले ३६ उचल अन् एका फोल्डरमध्ये टाक, नाव दे "कोठा", आणि दार लावून घे. डिलीट कर म्हणत नाही, पुढे लागतील. एकच बाहेर ठेवायचा आहे, कोणता ते सांगतो.

पण त्याआधी ते लाल एररचं समजून घे, कारण तुला वाटून राहिलं असेल की आपल्यालाच जमत नाही. तसं नाही बाई, नेटवर पडलेला निम्मा माल शिळा असतो. कोडमध्ये प्रिंट शब्दापुढे कंस नसेल तर तो पायथन २ चा, म्हणजे पायथन भाषेच्या जुन्या आवृत्तीचा, त्या आवृत्तीचा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला. रॉस म्हणून जी रोबोटच्या सॉफ्टवेअरची मोठी चौकट आहे, २००७ च्या सुमारास अमेरिकेत सुरू झालेली, तिचेही दोन अवतार आहेत, रॉस १ आणि रॉस २. रॉस १ ची शेवटची आवृत्ती नोएटिक, तिचा सपोर्ट मे २०२५ मध्ये बंद झाला, पण तिचे व्हिडिओ अन् कोड सगळीकडे अजून जसेच्या तसे आहेत. कोडमध्ये रॉसपाय किंवा कॅटकिन दिसलं की समज हा जुना, रॉस २ मध्ये रॉसपायच्या जागी आरसीएलपाय येतं आणि कॅटकिनच्या जागी कोलकॉन. जुना नव्यावर टाकला तर चालणारच नाही, तू रात्रभर बसलीस तरी. गझीबो नावाच्या सिम्युलेटरचंही तेच, जुना गझीबो क्लासिक जानेवारी २०२५ ला निवृत्त झाला. म्हणून उतरवण्याआधी दोन गोष्टी पाहायच्या, कोणत्या आवृत्तीसाठी लिहिला आहे अन् शेवटचा बदल कोणत्या साली झाला. बियाण्याच्या थैलीवरची तारीख पाहतो नं आपण, तसंच.

तुझ्यासाठी मी वेबॉट्स नावाचं सिम्युलेटर सांगेन. आधी ते विकत मिळायचं, डिसेंबर २०१८ पासून ओपन सोर्स झालं, फुकट आहे, विंडोजवर चालतं, विंडोजच्या जागी उबंटू टाकायची भानगड नाही. ४ जीबी रॅमवर कण्हत कण्हत चालेल, सेटिंगमध्ये जाऊन सावल्या बंद कर, ब्राउझर बंद ठेव. फक्त लॅपटॉपच्या ग्राफिक्सला ओपनजीएल ३.३ जमतं का ते आधी पाहून घे. आणि एक, नवीन आवृत्त्या एखादं वर्ल्ड, म्हणजे रोबोट जिथं फिरतो तो देखावा, पहिल्यांदा उघडताना त्यातली चित्रं-आकार नेटवरून ओढतात अन् मग साठवून ठेवतात, म्हणून जे वर्ल्ड लागणार आहे ते एकदा कॉलेजच्या वायफायवर उघडून घे, नाही तर घरी दीड जीबीचा पॅक त्यातच जाईल अन् संध्याकाळी भाऊ तुझ्या नावानं बोंबलेल.

त्यात ई-पक नावाचा रोबोट आहे. खरोखरचा रोबोट आहे तो, स्वित्झर्लंडच्या ईपीएफएल या तंत्रविद्यापीठात शिकवण्यासाठीच बनवलेला, वाटीएवढा, ७ सेंटीमीटर रुंद, दोन चाकं आणि भोवती ८ इन्फ्रारेड सेन्सर. वेबॉट्सच्या सुरुवातीच्या ट्युटोरियलमध्ये याचा अडथळा टाळायचा छोटा कोड आहे, तीस-चाळीस ओळींचा. हाच तुझा एक फोल्डर. पुढचा महिनाभर हाच.

महिनाभर एकाच कोडवर काय करायचं? तर तो मोडायचा. चालवायचा नाही, चालतो तो, ते पाहून झालं. एका वेळी एक आकडा नाही तर एक ओळ बदलायची, आणि रन दाबायच्या आधी वहीत लिहायचं की आता काय होईल. कागदावर, पेनानं. मग रन. जे लिहिलं तेच झालं तर पुढे जा, काही विशेष नाही. पण जिथं वेगळं झालं तिथं थांब, शिकण्यासारखं जे काही आहे ते त्याच जागी आहे. तू आत्ता काय करून राहिली, वेगळं झालं की फोल्डर बदलून राहिली. म्हणजे नेमकी जिथं विहिरीला पाणी लागणार तिथून उठून दुसरीकडे खोदायला जाते.

दोन-तीन ठिकाणं दाखवतो, बाकी तू शोध.

त्या कोडमध्ये दोन्ही मोटरींना सेट-पोझिशन म्हणून एक आज्ञा आहे आणि तिच्यात आकडा नाही, अनंत लिहिलेलं असतं. सगळे पोट्टे ही ओळ न पाहता पुढे जातात, मीही गेलो होतो. ती ओळ पुसून पाह. वेग तर दिलेला आहे, मग रोबोट चालायला पाहिजे की नाही? चालत नाही. जागचा हलत नाही. कारण मोटर मुळात "अमुक जागेपर्यंत फिर" या पद्धतीनं वागते, जागा सांगितलीच नाही तर ती शून्यावर बसून राहते, वेगाचा आकडा म्हणजे फक्त किती जोरात जायचं ते. अनंत लिहिलं की तिला कधीच न येणारं गाव सांगितलं, मग ती चालतच राहते. आता अनंताच्या जागी १० लिही. हे १० म्हणजे रेडियन, कोन मोजायचं माप, त्यानं त्रिज्येला गुणलं की अंतर निघतं. चाकाची त्रिज्या २.०५ सेंटीमीटर, म्हणजे रोबोट २०.५ सेंटीमीटर जाऊन थांबेल. वहीत आधी लिही, मग मोज.

दुसरं, त्यात ८० असा एक आकडा आहे, सेन्सर ८० च्या वर गेला की अडथळा आहे असं समज म्हणून. तुला वाटेल ८० सेंटीमीटर. नाही. हा सेन्सर उजेड टाकतो अन् परत किती आला ते मोजतो, म्हणून आकडा जितका मोठा तितकी भिंत जवळ. आणि तुझ्या त्या किटमध्ये जो डोळ्यांसारखा दोन गोल असलेला अल्ट्रासोनिक सेन्सर येतो तो उलटा, त्याचा आकडा जितका लहान तितकी भिंत जवळ. एकाचा कोड दुसऱ्याला चिकटवला की रोबोट भिंत दिसली की धावत जाऊन आदळतो. तुझ्या ३६ मधले निदान दोन-तीन याच कारणानं मेले असतील असा माझा अंदाज.

तिसरं वळण्याचं, आणि हे तुझ्या बाबांना तुझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. डवरा धुऱ्यावर आला की जोडी कशी वळते? आतला बैल जवळजवळ जागीच पाय टाकतो अन् बाहेरचा लांब फेरा मारतो. दोन चाकांचा रोबोट असाच वळतो, त्याला स्टेअरिंग नाही, दोन चाकांच्या वेगातला फरक हेच त्याचं स्टेअरिंग. दोघं सारखे चालले तर सरळ, एक हळू तर त्याच्या बाजूला वळण, एक पुढे अन् एक मागे तर जागच्या जागी गिरकी. आता हिशेब कर. ई-पकचं चाक जास्तीत जास्त सेकंदाला ६.२८ रेडियन फिरतं, म्हणजे एक पूर्ण फेरा, म्हणजे १२.९ सेंटीमीटर. दोन चाकांत अंतर ५.२ सेंटीमीटर. जागच्या जागी ९० अंश वळायचं तर प्रत्येक चाकानं २.६ त्रिज्येच्या वर्तुळाचा चौथा हिस्सा चालायचा, होतात ४.१ सेंटीमीटर. पूर्ण वेगानं ०.३२ सेकंद. आणि कोडमध्ये एक पाऊल, म्हणजे टाइम स्टेप, ६४ मिलिसेकंदांची आहे, तर झाली बरोबर ५ पावलं. आता सांग, नेटवरचा कोणता व्हिडिओ तुला हे सांगत होता? सगळे म्हणतात "इथं ५ टाका", काहून ५ ते कोणी सांगत नाही.

ती टाइम स्टेपही बदलून पाह, ६४ च्या जागी ६४० कर. रोबोट दर ६४० मिलिसेकंदांनी एकदाच डोळा उघडेल. अर्ध्या वेगानं जात असला तर आधी दर ४ मिलिमीटरला पाहत होता, आता ४ सेंटीमीटरला. काय होईल ते मी सांगत नाही, वहीत लिही.

आणि टाइम डॉट स्लीप, म्हणजे कोडला थोडा वेळ झोपवणारी ओळ, टाकू नको. आर्डुइनोच्या, म्हणजे रोबोट चालवणाऱ्या त्या छोट्या बोर्डाच्या, कोडमध्ये जो डिले असतो त्याची सवय लागलेली असते, म्हणून सगळे इथंही स्लीप टाकतात अन् म्हणतात रोबोट थांबला काहून. सिम्युलेटरचं घड्याळ वेगळं आहे, तुझा कोड झोपला की ते घड्याळही थांबून तुझी वाट पाहतं, त्यामुळे त्या दुनियेत वेळच जात नाही. खऱ्या रोबोटात उलटं, कोड झोपला तरी चाकं फिरतच राहतात, बंडीवाला झोपला अन् बैल चालून राहिले तसं. म्हणून दोन्हीकडे डिले वाईटच.

हे सगळं झालं की एक खोडी कर. डाव्या चाकाचा वेग फक्त १ टक्का वाढव. एक टक्का, दिसतही नाही. आणि त्याला सरळ जायला सांग. एक मीटर गेल्यावर तो ११ अंश वळलेला असेल अन् बाजूला साडेनऊ सेंटीमीटर सरकलेला. दीड मीटरला २१ सेंटीमीटर. सोयाबीनच्या दोन तासांत, म्हणजे ओळींत, ४५ सेंटीमीटर असतात, तू मधोमध सोडला होता, म्हणजे दीड मीटरातच तो झाडांवर चढला. मोठ्या रोबोटची चाकं एकमेकांपासून लांब असतात म्हणून तो एवढ्या लवकर वळणार नाही, पण वळेलच, कारण कोणत्याही दोन मोटरी सारख्या नसतात आणि वावरातलं ढेकूळ तर एकाच चाकाखाली येतं. तुला तणाचा रोबोट बनवायचा असो नाही तर डुकरं हाकलायचा, पहिला अडसर हा आहे. इथं मग फीडबॅक लागतो, किती सरकलो ते मोजायचं अन् तेवढं मागे यायचं. जितकी चूक तितकं वळण, यालाच पी कंट्रोल म्हणतात, पुस्तकात त्याचं फारच अवघड करून ठेवलं आहे. गुणकाचा आकडा लहान ठेवला तर तो आळशासारखा सावकाश येतो, मोठा ठेवला तर नवीन सायकल शिकणाऱ्यासारखा हँडल इकडून तिकडे करतो.

लॅपटॉपनं वेबॉट्स उचललंच नाही तर रडू नको. पायथनरोबोटिक्स नावाचा कोडचा एक मोठा संग्रह आहे, अत्सुशी साकाई नावाच्या जपानी इंजिनिअरनं सुरू केलेला, त्याला सिम्युलेटर लागतच नाही, नुसता आलेख काढतो स्क्रीनवर, तुझ्या लॅपटॉपवर मजेत चालेल. त्यात प्युअर परसूट नावाचा एक नमुना आहे तो पाह. रस्त्यावर थोडं पुढचा एक बिंदू धरायचा अन् त्याच्याकडे वळत राहायचं. तिफन हाकणारा पायाखाली पाहतो का? समोरच्या धुऱ्यावरच्या झाडावर नजर ठेवतो, तरच तास सरळ जातो. त्या कोडमध्ये किती पुढे पाहायचं तो एक आकडा आहे, तो लहान केला की गाडी डोलते, फार मोठा केला की वळणं कापत जाते. तो एकटा आकडा घेऊन एक अख्खी संध्याकाळ घालव. आणि पायथनच कच्चं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये मराठी आवाजात धडे आहेत, लाजायचं नाही.

भावाला काय सांगायचं? २०१३ साली अमेरिकेत डार्पाचं, म्हणजे तिथल्या संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेचं, रोबोटिक्स चॅलेंज झालं, त्यात एक फेरी पूर्ण सिम्युलेटरमध्ये होती, गझीबोत, आणि तिच्यात वर आलेल्या टीमांना अ‍ॅटलास नावाचा माणसाएवढा उंच खरा रोबोट वापरायला मिळाला. आधी स्क्रीनवर चालवून दाखवा, मग देतो. एवढं सांग. तरी तो गेमच म्हणत असेल तर म्हणू दे, भाऊच आहे.

पण भावाचं अगदीच चूक आहे असंही नाही हो, सिम्युलेटर जरा जास्तच सज्जन असतो. माझीच फजिती सांगतो. पुण्यातली नोकरी सोडून गावी आलो तेव्हा दोन महिने सिम्युलेशनमध्ये घासून घासून एक अडथळा टाळणारी गाडी केली होती, स्क्रीनवर एकदाही आदळली नाही. खरी बनवली, अल्ट्रासोनिक सेन्सर लावला, ओसरीत सोडली. भिंत टाळली, खाट टाळली, पाण्याचा गुंड टाळला, अन् कोपऱ्यात कापसाचा ढीग होता त्यात थेट घुसली. हा सेन्सर माणसाला ऐकू न येणारा आवाज सोडतो अन् तो परत यायची वाट पाहतो, अन् कापसासारख्या मऊ वस्तूनं आवाज पिऊनच टाकला, परत काही आलंच नाही, तर तिला वाटलं पुढे मैदान मोकळं आहे. माय पायरीवर बसून होती, म्हणाली, "काहून रे, तुह्या यंत्राले कापूस वेचाले धाडलं काय?" अजून घरात कोणी पाहुणा आला की हा किस्सा निघतो. माझ्या सिम्युलेटरमध्ये कापूस नव्हता, मीच टाकला नव्हता, त्याचा काय दोष.

त्याच सेन्सरच्या सॅम्पल कोडमध्ये वेळेला ५८ ने भागलेलं दिसेल तुला. आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे एका सेंटीमीटरला २९ मायक्रोसेकंद, जाऊन येऊन ५८. पण ३४३ हा आकडा २० अंश तापमानाचा आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो तेव्हा आवाज ३५८ च्या आसपास पळतो अन् भागायला ५६ पाहिजेत. ५८ च ठेवलं तर एक मीटरवरची भिंत ९६ सेंटीमीटरवर दिसेल. ज्यानं तो कोड लिहिला त्याच्या गावात तितकं तापत नसेल.

म्हणून ई-पक नीट समजला की त्याला मुद्दाम त्रास दे. सेन्सरच्या आकड्यात थोडा रँडम आकडा मिसळ, मधूनच एखादं रीडिंग खाऊन टाक, कोपऱ्यात सोड. कोपऱ्यात तो सॅम्पल कोड अडकू शकतो, डावीकडे भिंत म्हणून उजवीकडे वळतो, उजवीकडे भिंत म्हणून डावीकडे, नंदीबैलासारखा मान हलवत राहतो. त्याला तिथून बाहेर काढायचा कोड तू स्वतः लिही. नेटवर शोधू नको, एआयला विचारू नको, निदान तीन दिवस तरी. एआयकडून एखादी ओळ समजावून घे, चांगलं समजावतो, पण ओळ लिहून मागितली की तो तुझा अडतिसावा फोल्डर झाला. हा कोपऱ्याचा कोड जमला की तोच कॉलेजच्या प्रोजेक्टला दे, मूळ कोड कुठला अन् त्यात तुझं काय ते रिपोर्टमध्ये साफ लिही. एक्स्टर्नल परीक्षक कोणतीही ओळ काढून विचारू दे मग.

त्यानंतर किट. तेव्हाही ७ हजाराचं डबाबंद घेऊ नको, त्यात अर्धं तुला लागणार नाही. सुटं घे. आर्डुइनो उनो बोर्ड, दोन गिअर मोटर, एक ड्रायव्हर, एक सेन्सर, बस. घेण्याआधी टिंकरकॅड नाही तर वोक्वीवर, दोन्ही ब्राउझरमध्ये फुकट आहेत, बोर्ड अन् सेन्सरची जोडणी करून पाह. आणि ड्रायव्हर म्हणून सगळे तो लाल एल-२९८-एन देतात, तो स्वतःच दीड-दोन व्होल्ट खातो, ६ व्होल्टची बॅटरी लावली तर मोटरला चारच पोचतात अन् तू बसशील कोडमध्ये चूक शोधत. कॉलेजच्या लॅबमध्ये मल्टीमीटर असेल, मोजून पाह.

पुढचं पत्र टाकशील तेव्हा "कोड चालत नाही" एवढंच लिहू नको. कोणती ओळ बदलली, काय होईल वाटलं होतं, काय झालं, अन् एररची सगळ्यात खालची ओळ, पायथन खरं कारण तिथंच लिहितो, वरच्या लाल गर्दीत नाही. वहीच्या पानाचा फोटो पाठवला तरी चालेल, फक्त उजेडात काढ.